पाठीवर बिऱ्हाड घेतलेला नऊ नंबर : गोव्याच्या खालच्या विभागांतला स्ट्रायकर

#१ सड्यावरचा

चतुर्थी जवळ आली, मैदानांवरचं पाणी उतरायला लागलं, की इथे दरवर्षी तोच प्रश्न पडतो : पोरगा अंडर-२० ला गोल मारतोय, पुढे काय? उत्तरं दहा धाग्यांत विखुरलीत, ती एका जागी यावीत म्हणून हा धागा. अट एकच. ‘आमच्या वेळी’ छापाच्या आठवणी इथे नकोत, त्यांचा धागा वेगळा आहे आणि तो कधीच संपणार नाही.

विषय म्हणजे विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा स्ट्रायकर. प्रो लीगच्या (गोव्याच्या सर्वांत वरच्या विभागाच्या) तळाला किंवा तिच्याखालच्या फर्स्ट डिव्हिजनला खेळणारा, एक-दोन मोसमांत क्लब बदलणारा, पेपरात ज्याचं नाव फक्त मिनिटाच्या आकड्यासोबत येतं तो. अशी पंधरा वर्षं काढणारा आणि तिसऱ्या वर्षी बूट खुंटीला टांगणारा, या दोघांच्या गोलांत म्हणावा तेवढा फरक नसतो. फरक पडतो तो वर्षाची आखणी, नोंदणीचे कागद आणि घोटे यांत. हे माझं मत. खोडायचं तर तपशिलाने खोडा.

थोडं मागचं, कारण नऊ नंबरची इथली अडचण जुनी आहे. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ मोसमांत देशाची लीग आठ वेळा गोव्यात आली : धेंपो पाच, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक. पण पुढे कोण खेळत होतं? धेंपोत रँटी मार्टिन्स, चर्चिलमध्ये ओडाफा ओकोली, दोघेही नायजेरियाचे. २०११-१२ ला रँटीने एकट्याने ३२ गोल ठोकले. पुढे एफसी गोवाच्या कोरोने, म्हणजे स्पेनच्या खेळाडूने, २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन मोसम आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) सर्वाधिक गोल केले. परदेशी खेळाडूवर पैसा घालायचा तर क्लब तो आधी नऊ नंबरवर घालतो. मग इथला पोरगा विंगवर सरकतो, नाहीतर खालच्या विभागात उतरतो. ब्रुनो कुतिन्होनंतर (अर्जुन पुरस्कार, २००१) त्या तोडीचा स्ट्रायकर गोव्यातून किती वेळा निघाला ते मोजून बघा, बोटं उरतील.

त्यात २०१६ ला साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून, म्हणजे वर सांगितलेल्या देशाच्या लीगमधून, बाहेर पडले. वरचे खेळाडू प्रो लीगकडे वळले, प्रो लीगमधले एक पायरी खाली सरकले. धेंपो आय-लीगमध्ये परतला तो थेट २०२४-२५ ला.

आता वर्ष कसं जातं ते. जून-जुलै पाऊस, गवताची मैदानं बंद. ऑगस्टमध्ये चिखलातला सराव आणि ट्रायल. त्यानंतर साधारण मार्चपर्यंत लीग, तारखा पुढेमागे होतात. एप्रिल-मे गावोगावच्या स्पर्धा. पगार बहुतेक ठिकाणी लीग चालू असेपर्यंतच मिळतो, म्हणून कुठलाही आकडा ऐकला की वर्षावर पसरवून बघायचा. ‘महिना वीस हजार’ आणि करार आठ महिन्यांचा, म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजार, महिन्याला पडले १३,३३३. त्यातून पेट्रोल, बूट आणि फिजिओ.

#२ वायंगण

एप्रिल-मेचं जरा उलगडून सांगतो, कारण सर्वांत जास्त पाय तिथे मोडतात.

गावच्या स्पर्धेचं मैदान दोन तऱ्हेचं. एक सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं : खाली जांभा, वर चार बोटं माती, पाऊस थांबून सहा महिने झालेले. दुसरं वायंगण (पावसाळ्यानंतरचं दुसरं भातपीक) कापून झालेलं शेत. शेत लांबून सपाट दिसतं, पण ओल्या चिखलात गुरांचे खूर उमटलेले असतात आणि ते वाळून दगडासारखे होतात. तड्यात स्टड अडकला की पाय तिथेच राहतो आणि अंग वळतं.

वॉर्म-अपच्या आधी दोन्ही गोलांसमोर चालून घ्यायचं. पेनल्टीच्या ठिपक्यापासून, म्हणजे ११ मीटरवरून, गोलरेषेपर्यंत चेंडू चार-पाच वेळा हाताने टप्पा देत न्यायचा. कुठे तो मरतो आणि कुठे उडतो हे कळतं. उडतो त्या बाजूला जमिनीवरचा पास मागायचाच नाही, मांडीवर किंवा छातीवर मागायचा. चेंडूतली हवासुद्धा बघा. नियमात ०.६ ते १.१ वातावरण दाब चालतो आणि आयोजक हौसेने टणक फुगवतात. कडक जमिनीवर खालच्या टोकाचा दाब बरा, पहिला टच पायाशी राहतो.

बाहेरचे खेळाडू किती चालतात हे प्रत्येक आयोजक वेगळं ठरवतो. पत्रक वाचल्याशिवाय होकार देऊ नका. आणि फी सामन्याआधी हातात. ‘फायनलला पोचलो की बघू’ म्हणणाऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही.

#३ कागदी वाघ

सड्यावरच्यांनी कागद दोन शब्दांत उरकले, म्हणून सविस्तर.

नोंदणी एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) सीआरएसवर, म्हणजे ऑनलाइन नोंदणीच्या सिस्टीमवर होते आणि खेळाडूचा आयडी एकच, जन्मभराचा. गोव्यात पहिली ठेच लागते नावाला. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्येच घुसलेलं. ट्रान्स्फरच्या शेवटच्या आठवड्यात हे लक्षात आलं तर मोसम गेला. सतरा-अठराव्या वर्षीच तिन्ही कागद एकसारखे करून ठेवावेत.

दुसरी ठेच मोजणीची. फिफाच्या नियमानुसार एका मोसमात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांसाठी खेळता येतात. आता बघा : सप्टेंबरमध्ये पहिल्या क्लबाकडून ८८व्या मिनिटाला मैदानात गेला, तरी तो एक क्लब मोजला. जानेवारीत दुसरा. तिसऱ्या क्लबाने बोलावलं तर सही होईल, सामना खेळता येणार नाही. म्हणून नको असलेल्या क्लबात दोन मिनिटांसाठी उतरण्याआधी विचार करावा. गावच्या स्पर्धा यात धरत नाहीत.

तिसरी गोष्ट : हौशी की व्यावसायिक. लेखी करार आहे आणि खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात, तर फिफाच्या व्याख्येत तो व्यावसायिक. खालच्या विभागांत बरेचदा नोंद ‘हौशी’ अशी करतात आणि पैसे ‘भत्ता’ म्हणून देतात. यात एक सोय आहे, मोसम संपला की सुटका सोपी. तोटा मोठा आहे : भत्ता थकला तर हातात दाखवायला काहीच नाही.

क्लब हे का करतात, त्यामागे प्रशिक्षण भरपाईसुद्धा आहे. १२ ते २१ या वयात ज्यांनी पोराला शिकवलं त्या क्लबांना पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी, आणि पुढे २३ वर्षांचा होईपर्यंतच्या बदलांतही, भरपाई मागता येते. छोटा क्लब तो खर्च टाळायला बघतो. म्हणून १९ ते २२ या वयात चांगला स्ट्रायकरही ‘हौशी’ म्हणून फिरताना दिसतो. तेविशी ओलांडली की दारं जरा उघडतात. फक्त तोवर टिकून राहायला हवं.

करार हातात आला की काय बघायचं :

सुरुवात आणि शेवटची तारीख, महिन्यांसकट. ‘मोसमभर’ हा शब्द चालत नाही. पगाराची तारीख. दुखापतीत पगार चालू राहतो का, आणि एमआरआयचा खर्च कोणाचा. गोल बोनस असेल तर कुठले गोल : लीगचे फक्त की कपचेही, पेनल्टी धरायची की नाही? यावरून भांडणं होतात आणि दोन्ही बाजू खरं बोलत असतात. प्रत्येक पानावर सही, कोऱ्या पानावर नाही. आणि प्रत त्याच दिवशी. ‘ऑफिसातून मागाहून पाठवतो’ हे ऐकलं की तिथेच बसून राहायचं, झेरॉक्सचं दुकान गोव्यात कुठे लांब नसतं.

पगार थकला तर : दोन महिन्यांचा थकल्यावर क्लबाला लेखी नोटीस, थकबाकी भरायला पूर्ण १५ दिवस, आणि तरीही नाही आला तर योग्य कारणासह करार मोडता येतो. नोटीस ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने, दोन्हीकडून. व्हॉट्सॲपवर ‘सर पगार कधी’ असं विचारणं नोटीस होत नाही. आणि नोटीस न देता सरावाला जाणं बंद केलं, तर चूक खेळाडूच्या पदरात पडते. हे सर्वांत जास्त वेळा होतं.

#४ मये_तळं

करार मार्चअखेर संपला, आता जुना क्लब म्हणतो एनओसी देत नाही, आधी ‘सोडवणुकीचे’ पैसे भरा. असं करता येतं का? भाच्यासाठी विचारते आहे.

#५ कागदी वाघ

नाही, ताई. मुदत संपलेला खेळाडू मोकळा. ट्रान्स्फरला हरकत घ्यायची तर करार चालू असल्याचं दाखवावं लागतं. शेवटच्या तारखेचं पान स्कॅन करून नव्या क्लबाकडे द्या, विनंती ते सिस्टीमवर टाकतील. जुन्या क्लबाने अडवलंच तर आधी जीएफएकडे (गोवा फुटबॉल असोसिएशन) लेखी, मग एआयएफएफच्या प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे. तोंडी कोणाशी काही बोलू नका, पैसे तर मुळीच देऊ नका.

अजून एक, लोक विसरतात : करार नोंदणीची खिडकी बंद होण्याआधी संपलेला असेल, तर असा बेरोजगार खेळाडू खिडकी बंद झाल्यावरही नोंदवता येतो. तेव्हा ‘उद्या शेवटचा दिवस’ म्हणून कोणी घाई करत असेल तर घाबरायचं कारण नाही.

#६ पट्टीवाली

बूट आणि घोटे. एवढंच लिहिते, बाकीचं जाणकार लिहितील.

गोव्यात एका मोसमात पोरगा तीन जमिनींवर खेळतो : ऑगस्ट-सप्टेंबरचं ओलं गवत, म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवरचं कृत्रिम टर्फ आणि डिसेंबरनंतरची कडक माती. एकच एफजी (सुक्या गवतासाठीची) जोडी सगळीकडे वापरली की दुखापत ठरलेली. पात्यासारखे स्टड टर्फच्या तंतूंत रुततात, पाऊल वळत नाही, मग गुडघा वळतो. टर्फला एजी घ्या : आखूड, गोल, संख्येने जास्त स्टड. सड्यावर टीएफसुद्धा (तळव्याला बारीक रबरी दाणे असलेले) चालतात. सहा धातूच्या स्टडचे एसजी फक्त खोल चिखलाला. सुक्या मैदानावर ते घातले की टाचेखाली आणि पंज्याच्या हाडांवर टोचतात आणि दोन आठवड्यांत लंगडणं सुरू होतं. पैसे दोनच जोड्यांपुरते असतील तर गोल स्टडची एफजी आणि एक एजी. महागडी एक जोडी घेण्यापेक्षा मधल्या किमतीच्या दोन बऱ्या.

भिजलेले बूट उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, गोंद सुटतो. आतलं सोल काढून वर्तमानपत्र कोंबायचं, तासाभराने ते बदलायचं, मग पंख्याखाली. नवे बूट आणले की वापरायच्या आधीच मोच्याकडून चवड्याभोवती शिलाई मारून घ्यायची. तळवा सुटतो तो नेहमी तिथूनच.

आता पट्टी. घोटा बांधलेला दहाजणांत सातांचा चुकलेला असतो, कारण पाय लोंबता ठेवून बांधतात. पाऊल नडगीशी काटकोनात हवं आणि बांधून होईपर्यंत तसंच. ३.८ सेंटीमीटरची न ताणणारी टेप. खाली पातळ फोमचा थर, टाचेच्या शिरेवर थोडं व्हॅसलिन लावलेली गादी. घोट्याच्या हाडापासून चार बोटं वर एक वळसा, हा नांगर. त्यावरून तीन पट्टे आतल्या बाजूने खाली, टाचेखालून बाहेरच्या बाजूने वर, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर. ओढ बाहेरच्या बाजूला वर, कारण पाऊल मुरगळतं ते आत वळून. मग सहाच्या आकड्यासारखा एक फेरा, दोन्ही बाजूंनी टाचेचं कुलूप (टाच धरून ठेवणारा तिरका फेरा), आणि वर पुन्हा वळसा. शेवटी अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही किंवा बोटांना मुंग्या आल्या तर कापून पुन्हा बांधा.

घामाने टेप पहिल्या अर्ध्यातच सैल पडायला लागते. म्हणून ती व्यायामाच्या जागी नाही. एका पायावर उभं राहणं, ३० सेकंद, तीनदा, आणि जमायला लागलं की डोळे मिटून. दात घासताना होतं.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी फिफा ११+ या वॉर्म-अपची वीस मिनिटं आठवड्यातून किमान दोनदा. त्यातला नॉर्डिक (गुडघ्यांवर उभं राहून, मागून कोणी घोटे धरलेले असताना अंग हळूहळू पुढे झुकवणं) : सुरुवातीला ३ ते ५, मग ७ ते १०, मग १२ ते १५. ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी हौसेने पंधरा मारले की पुढचे तीन दिवस जिना उतरता येत नाही, मग व्यायामालाच नाव ठेवतात.

एसीएल (गुडघ्यातला मुख्य लिगामेंट) फाटून शस्त्रक्रिया झाली तर नऊ महिन्यांच्या आत सामना नाही. फिरत्या खेळाडूची पंचाईत अशी की नऊ महिन्यांत करार संपतो, नव्या क्लबाला दाखवायला तो सहाव्या-सातव्या महिन्यात उतरतो, आणि तोच गुडघा पुन्हा जातो. कागदी वाघ यांनी दुखापतीच्या कलमाचं लिहिलंय ते या दिवसांसाठी.

#७ डाव्या पायाचा

बूट झाले, कागद झाले, चेंडू कुठे आहे? सड्यावरच्यांचं ‘गोलांत फार फरक नसतो’ मला पटत नाही. फरक असतो, तो कुठल्या गोलांचा ते बघावं लागतं.

खालच्या विभागात वीस मीटरवरून मारलेला गोल यूट्यूबवर जातो, पण पुढचा करार मिळतो पाच-सहा मीटरवरच्या गोलांनी. कारण प्रशिक्षकाला ठाऊक असतं की लांबचा गोल पुढच्या वर्षी येईल याचा भरवसा नाही, जवळच्या पोस्टवरची धाव दर शनिवारी येते.

ती धाव अशी. क्रॉस उजवीकडून येतोय. स्ट्रायकर आधी दूरच्या पोस्टकडे दोन पावलं जातो, डिफेंडरच्या पाठीमागे, त्याला चेंडू आणि माणूस एकाच वेळी दिसणार नाही अशा बाजूला. विंगरने शेवटचा टच पुढे टाकला आणि मान खाली घातली, तो क्षण. आता डिफेंडरच्या पुढून कापत लहान चौकटीच्या जवळच्या कोपऱ्याकडे. ती चौकट ५.५ मीटरची, चेंडू गाठायचा तिच्या रेषेवर आणि गाठताना पाय चालता हवा. चुकतं काय? पोरं लवकर निघतात, कोपऱ्यावर जाऊन थांबतात आणि उभ्या माणसाच्या पुढे डिफेंडर सहज पाऊल टाकतो. अर्धा सेकंद उशीर झाला तर चालतो, लवकर झालेलं चालत नाही.

फटका पायाच्या आतल्या बाजूने, खाली, दूरच्या पोस्टला. टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी, वीतभर अंतरावर, बोटं लक्ष्याकडे. चेंडू आडव्या खांबावरून जातो तेव्हा दहापैकी नऊ वेळा टेकलेला पाय चेंडूच्या मागे राहिलेला असतो आणि अंग मागे झुकलेलं. ओल्या मैदानावर शेवटची दोन पावलं आखूड टाकायची, नाहीतर टेकता पाय घसरतो.

सराव : एक गोलकीपर, एक क्रॉस देणारा, एक डिफेंडर, सहा चेंडू. सहा फटके, दीड मिनिट विश्रांती, असे चार-पाच संच. पंचवीस-तीस फटके पुष्कळ झाले, आठवड्यातून दोनदा, सामन्याच्या आदल्या दिवशी नाही. शंभर मारून घाम काढणारे प्रशिक्षक अजून आहेत. पन्नासाव्या फटक्यानंतर पाय थकलेला असतो, मग सवय लागते ती चुकीच्या फटक्याची आणि जांघ धरते ती वेगळीच.

एकोणतिशीनंतर वेग उतरतो. तेव्हा पाठीमागची धाव सोडून गोलकडे पाठ करून खेळायला शिकावं लागतं. उभं राहायचं आडवं, गुडघे वाकलेले, चेंडू डिफेंडरपासून लांबच्या पायावर. पुढचा हात कोपरात दुमडून त्याच्या छातीला टेकलेला, सरळ ताणलेला नाही, ताणला की फाउल. चेंडू समोरून येणाऱ्या मिडफिल्डरला एका टचमध्ये आणि लगेच उलट्या बाजूला वळण. हे ज्याला येतं त्याला ३४ पर्यंत क्लब मिळतो, वर्षाला सहाच गोल असले तरी.

#८ सड्यावरचा

‘वर्षाला सहाच गोल असले तरी’ हे तुम्हीच लिहिलंत हं. मी वेगळं काय म्हणत होतो?

#९ डाव्या पायाचा

पकडलंत. पण ते एकोणतिशीनंतर. त्याआधी सहा गोलांवर कोणी चहासुद्धा पाजत नाही.

#१० चौथा रेफरी

स्ट्रायकरना नियम माहीत नसतात आणि त्याची किंमत पिवळ्या कार्डांत चुकवतात. तीन गोष्टी.

थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर थेट मिळाला तर ऑफसाइड नाही. कडक मैदानावर कीपरची गोल किक अर्धं मैदान ओलांडून टप्पा खाते. त्या वेळी शेवटच्या डिफेंडरच्या मागे उभं राहणं पूर्ण कायदेशीर आहे, आणि फर्स्ट डिव्हिजनचे अर्धे डिफेंडर तेव्हाही हात वर करून थांबतात.

आपल्या हाताला चेंडू चुकून लागला आणि लगेच आपणच गोल मारला, तर गोल नाही. हेतू नव्हता म्हणून वाद घातला की कार्ड.

२०२५ पासून कीपरने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांनी मोजतो. तेव्हा कीपरच्या अंगाशी जाऊन त्याला अडवू नका, फाउल तुमच्यावर जातो आणि मिळणारा कॉर्नर जातो. दोन मीटर लांब उभं राहून रेफरीच्या बोटांकडे बघा.

व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणं) या पातळीवर नाही. झेंड्यावाल्याला तुम्ही निघताना दिसलात तर शंकेचा फायदा मिळतो, डिफेंडरच्या आड लपून निघालात तर झेंडा वर.

#११ मये_तळं

केरळच्या सेव्हन्सचं (सात-सात जणांच्या फुटबॉलचं) काय? भाच्याला तिकडून फोन आलाय, मलप्पुरमहून.

#१२ कोकण रेल्वे

पैसा रोखीत आणि सामन्यागणिक, हे खरं. पाऊस संपल्यापासून मे महिन्यापर्यंत रात्रीच्या दिव्यांखाली सामने, तुडुंब प्रेक्षक, सात-सात जण, लहान मैदान. आफ्रिकेतले खेळाडूही मोठ्या संख्येने येतात, तेव्हा अंगाने कमी असलेल्या पोराला तिथे उभं राहणं जड जातं.

पण सेव्हन्सला एआयएफएफची मान्यता नाही. ज्याची नोंदणी चालू आहे त्याने लीगच्या मोसमात तिथे खेळलं तर क्लब करारभंग म्हणू शकतो, आणि तिथे पाय मोडला तर क्लबाचा विमा लागू होत नाही. सेव्हन्स संपायला मे लागतो आणि गोव्याची गावची स्पर्धाही एप्रिल-मेची. दोन्ही करायला गेलेल्याच्या पायांना वर्षभर सुट्टी मिळत नाही. सहा आठवडे पूर्ण विश्रांती कुठून काढणार ते आधी ठरवा, मग गाडीचं तिकीट काढा. लहान मैदानावरचा एक फायदा मात्र मान्य : वळून फटका मारायला जागा नसते, त्यामुळे पहिला टच सुधारतो.

करार संपलेला, वय २५ च्या पुढे, घोटे ठणठणीत, तर जावं. एकोणीस वर्षांच्या पोराने या भानगडीत पडू नये.

#१३ खतावणी

सगळे खेळाचं बोलले, पोटाचं कोणीच नाही.

फिरत्या स्ट्रायकरचा खरा करार म्हणजे खेळाडू कोट्यातली नोकरी, आणि तिचं दार २७-२८ नंतर बंद होत जातं. केंद्राच्या गट ‘क’ भरतीत वयाची सवलत पाच वर्षांपर्यंत आहे, पण ती ठरावीक पातळीवर खेळलेल्यालाच. त्यासाठी क्लबाचे गोल मोजत नाहीत. मोजतात ते राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे फुटबॉलमध्ये मुख्यतः संतोष ट्रॉफी, आणि विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा. पहिल्याचा दाखला नमुना २ मध्ये, दुसऱ्याचा नमुना ३ मध्ये. पहिल्यावर राज्य संघटनेच्या सचिवाची सही लागते, दुसऱ्यावर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाची.

म्हणून बारावीनंतर कॉलेज सोडणाऱ्याचं नुकसान दुहेरी होतं. प्रो लीगच्या राखीव बाकावर बसून विद्यापीठाची ट्रायल चुकवणाऱ्याने नमुना ३ कायमचा घालवला. पदवीला तीन-चार वर्षं लागतात, तेवढ्यात एकदा जरी विद्यापीठाच्या संघातून खेळला तरी कागद हातात येतो. संतोष ट्रॉफीच्या शिबिरात वीसच्या आसपास पोरं राहतात, त्यात स्ट्रायकर तीन-चार. क्लबने त्या तारखांना सोडायला हवं असं कलम करारात घालून घ्या. कागदी वाघ, हे तुमच्या यादीत नव्हतं.

दुसरा रस्ता प्रशिक्षणाचा. एआयएफएफ डी लायसन्स खेळत असतानाच, जून-जुलैमध्ये करून टाकावं. त्या दोन महिन्यांत मैदानावर नाहीतरी पाणीच असतं. शाळांना आणि अकादमींना कागद लागतो, गोल विचारत नाहीत.

#१४ कागदी वाघ

खतावणी, मान्य. यादीत घालतो. शब्द असे ठेवा : ‘राज्य संघाच्या निवड चाचणी, शिबिर व स्पर्धेसाठी क्लब पगार न कापता मोकळीक देईल.’ ‘पगार न कापता’ राहिलं तर मोकळीक मिळते आणि महिना बुडतो.

#१५ मये_तळं

सर्वांचे आभार. भाच्याचा आंतरविद्यापीठ स्पर्धेचा दाखला आहे घरी. नमुना ३ तोच ना? खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट करायला दुकानात दिलाय.

#१६ खतावणी

ताई, दुकानात फोन करा, लगेच. स्पर्धेचं प्रमाणपत्र वेगळं आणि नमुना ३ वेगळा. त्या प्रमाणपत्रावरूनच विद्यापीठ नमुना ३ भरून देतं. लॅमिनेट केलेल्या कागदावर पडताळणीचा शिक्का बसत नाही आणि मागचं पान वाचता येत नाही. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा, दोन स्कॅन काढा, आणि उद्याच विद्यापीठात अर्ज द्या.

#१७ मये_तळं

मिळाला. अजून मशीनमध्ये घातला नव्हता.